बाळंतपणातली एक गोळी आणि माझी सेकंड लाइन

'व्हायरल लोड जास्त आलाय, आता दर महिन्याला यायचं,' एवढंच मला आधी सांगितलं गेलं. २०१८ चा ऑगस्ट होता. मला एचआयव्ही आहे, आणि व्हायरल लोड म्हणजे रक्तात त्याचा विषाणू किती आहे तो आकडा. तिथून औषधांची लाइन बदलून, म्हणजे पहिला संच सोडून दुसरा, 'सेकंड लाइन'चा सुरू होऊन, लोड पुन्हा खाली यायला पुढचा ऑगस्ट उजाडला. या वर्षभरात काय काय करावं लागतं, कुठले कागद लागतात, कुठे थांबावं लागतं हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझी बरीच रडारड वाचली असती. म्हणून लिहितेय. गावाचं आणि दवाखान्यांचं नाव लिहिणार नाही. मुलगी अजून शाळेत आहे.

आधी थोडं मागचं. २००९ साली पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले होते. सातव्या महिन्यात तिथल्या सरकारी दवाखान्यात रक्त दिलं आणि त्यात एचआयव्ही निघाला. तीन वेगवेगळ्या किटवर तपासून खात्री केली. मग मिस्टरांना बोलावलं, त्यांचंही तेच. त्या दिवसांबद्दल इथे लिहीत नाही, तो वेगळाच विषय आहे. कळा सुरू झाल्यावर लेबर रूममधल्या सिस्टरने एक गोळी दिली आणि पाण्याबरोबर गिळायला लावली. बाळाला जन्मल्यावर तोंडात औषधाचे थेंब पाजले. अठराव्या महिन्यात मुलीची शेवटची तपासणी झाली, निगेटिव्ह. आम्ही पेढे वाटले, कशाचे ते कुणाला सांगितलं नाही.

तेव्हा सीडी४ (विषाणू ज्यांना मारतो त्या संरक्षक पेशींचा रक्तातला आकडा) ठरावीक आकड्याच्या खाली गेल्याशिवाय एआरटी, म्हणजे एचआयव्हीची रोजची औषधं, सुरू करत नसत. माझा सीडी४ बरा होता, म्हणून मी नुसती नोंदणी करून दर सहा महिन्यांनी तपासत राहिले. २०१४ मध्ये तो ३१२ वर आला आणि गोळी सुरू झाली. एआरटी सेंटरमध्ये तिला टीएलई म्हणायचे. एका गोळीत तीन औषधं : टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि इफाव्हिरेन्झ. झोपताना घ्यायची. पहिले पंधरा-वीस दिवस पलंग फिरतोय असं वाटायचं, आणि स्वप्नं अशी स्पष्ट पडायची की सकाळी उठून खरंखोटं तपासावं लागायचं. ते इफाव्हिरेन्झमुळे, हळूहळू कमी होतं. मिस्टरांची हीच गोळी पुढच्या वर्षी सुरू झाली. साडेनऊला मोबाइलचा अलार्म, एकाच तांब्यातलं पाणी, दोघांच्या दोन बाटल्या.

सीडी४ आधी छान वर गेला. ४८० पर्यंत. मग ४५५, मग ३९०. 'थोडं वरखाली होतंच' असं म्हणत वर्ष गेलं. तोवर सरकारी कार्यक्रमात व्हायरल लोड सरसकट करत नव्हते, शंका आली तरच करायचे. २०१८ च्या फेब्रुवारीत देशभर सगळ्यांचा व्हायरल लोड मोफत करायचं ठरलं आणि आमच्या सेंटरला जुलैमध्ये आमचा नंबर लागला. दोघांनी एकाच दिवशी रक्त दिलं. मिस्टरांचा रिपोर्ट आला 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', म्हणजे तपासणीत विषाणू सापडलाच नाही. माझा आला १८,४००. एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या एवढ्या प्रती. हजाराच्या वर गेलं की औषध काम करत नसल्याची शंका घेतात.

इथून तीन महिने समुपदेशनाचे. नियम असा आहे की पहिला लोड जास्त आला म्हणून लगेच औषध बदलत नाहीत. आधी तीन महिने, दर महिन्याला बोलावून, गोळ्या अगदी वेळेवर घेतल्या जातायत ना ते बघतात, आणि मग पुन्हा लोड करतात. नियम शहाणपणाचा आहे हे आता कळतं. बहुतेक वेळा कारण गोळ्या चुकण्याचंच असतं, आणि तसं असेल तर नुसत्या वेळेवर घेऊनही लोड खाली येतो. उगाच बदललं तर हातातली एक लाइन वाया जाते.

पण त्या वेळी मला तो अपमान वाटला. काउन्सेलर मॅडम बाटली टेबलावर ओतून उरलेल्या गोळ्या मोजायच्या. बरोबर भरायच्या. तरी म्हणायच्या, 'ताई, खरं सांगा. लग्नकार्यात, प्रवासात, माहेरी गेल्यावर?' मी नाही म्हणायचे. 'बाटलीतून काढून टाकून दिल्या असतील तर तेही सांगा, मी रागावणार नाही.' मॅडम वाईट नव्हत्या. रोज दहा जण त्यांच्यासमोर खोटं बोलत असतील, त्यांनी तरी काय करावं. पण त्यांनी विचारलेल्या बाकीच्या गोष्टी कामाच्या होत्या, त्या सांगते. गोळीनंतर उलटी होते का. टीबीचं किंवा फिट्सचं औषध चालू आहे का, कारण त्यातली काही औषधं एआरटीच्या औषधांचं रक्तातलं प्रमाण खाली आणतात. कुणी वैद्याने काढा, भस्म, पावडर दिलीय का. यातलं काही असेल तर लपवू नका. त्यावर इलाज सोपा असतो.

मिस्टर दुसऱ्या महिन्यात बरोबर आले आणि म्हणाले, 'मॅडम, हिची गोळी मी माझ्या डोळ्यांनी बघतो. हीच मला आठवण करते. मग माझा लोड शून्य आणि हिचा कसा वर?' मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, 'हे मी डॉक्टरांना लिहून ठेवते.' माझ्या मते खरं वळण तिथे आलं.

नोव्हेंबरच्या अखेरीस दुसरा लोड २६,००० च्या वर. सीडी४ २८१. मेडिकल ऑफिसर नवीन आले होते, तरुण. त्यांनी केस पेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढून समजावलं. तो कागद मी मागून घेतला. जे समजलं ते माझ्या भाषेत.

एचआयव्हीचा संदेश आरएनएमध्ये लिहिलेला असतो आणि आपल्या पेशीचा डीएनएमध्ये. पेशीत शिरल्यावर विषाणू आधी आपल्या आरएनएची डीएनए प्रत बनवतो. हे काम करणारं त्याचं एन्झाइम म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. असं उलट्या दिशेने लिहिणारं एन्झाइम असतं हे १९७० मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांनी वेगवेगळं काम करून दाखवलं आणि १९७५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तेव्हा एचआयव्हीचं नावही कुणाला माहीत नव्हतं. दुसरं एन्झाइम इंटिग्रेज, ते ही डीएनए प्रत आपल्या पेशीच्या डीएनएमध्ये शिवून टाकतं. तिसरं प्रोटिएज. विषाणूची प्रथिनं एका लांब पट्टीत तयार होतात, प्रोटिएज ती योग्य ठिकाणी कापतं. कापलं नाही तर बाहेर पडणारा विषाणू अर्धवट राहतो आणि दुसऱ्या पेशीला लागण करू शकत नाही.

आपल्या गोळ्या या तीनपैकी एखाद्या एन्झाइमला अडवतात. पण अडवायच्या तऱ्हा वेगळ्या. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन ही डीएनएच्या खऱ्या अक्षरांसारखी दिसणारी बनावट अक्षरं. एन्झाइम फसून ती साखळीत बसवतं, पण त्यांना पुढचं अक्षर जोडायला जागाच नसते, म्हणून साखळी तिथेच थांबते. मी घरी शिवणकाम करते, त्यामुळे मला लगेच समजलं : ड्रेसच्या चेनमध्ये मोडका दात आला की रनर तिथून पुढे सरकत नाही. इफाव्हिरेन्झ आणि त्याच्याच जातीचं नेव्हिरॅपिन मात्र साखळीत जात नाहीत. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजच्या अंगात, काम चालतं त्या जागेच्या शेजारी एक छोटी खोबण आहे, तिथे ते जाऊन बसतात आणि एन्झाइमचा आकारच असा बिघडवतात की त्याला काम करता येत नाही.

आता गोम अशी की रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज लिहिलेलं तपासून बघत नाही. विषाणूचा संदेश जेमतेम दहा हजार अक्षरांचा, आणि दर तीन-चार प्रतींमागे एखादं अक्षर चुकतं. उपचार नसलेल्या माणसाच्या शरीरात रोज हजार कोटींच्या घरात नवे विषाणू तयार होतात. म्हणजे कुठल्याही एका जागची चूक रोज अनेकदा होतच असते. बहुतेक चुका विषाणूलाच मारक ठरतात. एखादी मात्र अशी निघते की औषधाची खोबण बदलते आणि औषध बसेनासं होतं. एकच औषध दिलं तर तेवढाच विषाणू जगतो आणि वाढतो. तीन औषधं एकदम दिली तर विषाणूला एकाच वेळी तीन ठिकाणी सोयीच्या चुका जमवाव्या लागतात, ते जवळपास अशक्य. म्हणून तीन औषधं, आणि म्हणून वेळेवर.

हे सगळं सांगून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, 'याआधी कधी नेव्हिरॅपिन घेतलीय का? डिलिव्हरी कुठे झाली?'

इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला. मी लेबर रूममधल्या गोळीचं सांगितलं. नाव मला माहीत नव्हतं, कळा देताना कोण विचारतंय. आईला फोन केला. तिने मुलीच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर डिस्चार्जचा कागद ट्रंकेत जपून ठेवला होता. भावाने त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. सिस्टरच्या अक्षरात एक ओळ : एनव्हीपी (म्हणजेच नेव्हिरॅपिन), २०० मिलिग्रॅम, आणि वेळ.

त्या काळी बाळाला लागण होऊ नये म्हणून हीच पद्धत होती : आईला कळांच्या वेळी नेव्हिरॅपिनची एक गोळी, बाळाला एक डोस. युगांडात झालेल्या अभ्यासाने १९९९ मध्ये दाखवलं होतं की एवढ्यानेही लागण बरीच कमी होते, आणि खर्च अगदी थोडा. अडचण आईची. नेव्हिरॅपिन रक्तात दोन-तीन आठवडेही रेंगाळतं. तेवढे दिवस विषाणूसमोर एकटं एकच औषध, तेही हळूहळू कमी होत जाणारं. त्याला चकवायला एक चूक पुरते. तसा बदललेला विषाणू पेशींच्या डीएनएमध्ये दडून वर्षानुवर्षं राहू शकतो, आणि नेव्हिरॅपिनला चकवणारा हा बदल बहुधा इफाव्हिरेन्झलाही चकवतो. पुढे आपल्याकडे ही पद्धत बंद झाली. २०१४ पासून गरोदर बाईला सीडी४ कितीही असला तरी तिन्ही औषधं लगेच आणि कायमची सुरू करतात.

डॉक्टर म्हणाले, 'याच्यामुळेच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही. गोळी आणि टीएलई यांच्यात पाच वर्षं गेली, तेवढ्या काळात त्या बदललेल्या विषाणूचं प्रमाण बरंच कमी झालेलं असतं. पण हे २०१४ मध्ये कागदावर असतं तर तुम्हाला पहिल्यापासून वेगळं औषध द्यायचा विचार झाला असता.' मी घरी येऊन खूप रडले. राग कुणावर काढायचा तेही कळेना. त्याच गोळीने माझी पोर वाचवली असेल. माहेरचा जिल्हा वेगळा, सासरचा वेगळा, नोंदवही वेगळी. बाईचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, फक्त फॉर्मला माहीत नाही. एआरटी नोंदणीच्या वेळी आपणहून सांगा : बाळंतपणात काय दिलं, आधी खासगीत काही गोळ्या घेतल्या का, मध्येच सोडल्या का. नाव आठवत नसेल तर कागद शोधा.

डिसेंबरमध्ये पॅनेलसाठी फॉर्म भरला. सेकंड लाइन आपल्या सेंटरचे डॉक्टर स्वतःच्या सहीने सुरू करत नाहीत. राज्यपातळीवरच्या तज्ज्ञांच्या पॅनेलकडे केस जाते, ते मंजूर करतात. आम्हाला पुण्याच्या एआरटी प्लस सेंटरला, म्हणजे सेकंड लाइन सुरू करणाऱ्या मोठ्या सेंटरला, जायला सांगितलं. त्याआधी इथेच तपासण्या : हिमोग्लोबिन, यकृत, किडनी, साखर, चरबी, छातीचा एक्स-रे आणि हिपॅटायटिस बी. शेवटची महत्त्वाची, कारण टेनोफोव्हिर हिपॅटायटिस बीवरही चालतं. तो असेल तर टेनोफोव्हिर काढून टाकता येत नाही. खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम हे टीबीचे चार प्रश्न तर दर वेळी विचारतातच. सगळं मोफत, पण एका दिवसात होत नाही. रिपोर्ट यायला दोन आठवडे गेले. वाट बघताना टीएलई बंद करायची नाही हे डॉक्टरांनी बजावलं होतं. मला वाटत होतं, फेल गेलेली गोळी कशाला खायची? पण अर्धवट अडवलेला विषाणू मोकाट सुटलेल्यापेक्षा बरा. आणि दुसरं कारण पुढे येईल.

सोबत काय न्यावं : ग्रीन बुक (सेंटरने दिलेली उपचाराची नोंदवही), सेंटरचं पत्र, दोन्ही व्हायरल लोडचे रिपोर्ट, सगळे सीडी४ तारखेनिशी, आधार कार्ड, आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. तिथे झेरॉक्सच्या दुकानासमोर रांग असते. पहाटेची पहिली एसटी धरा, स्वारगेटला उतरून रिक्षा. खंबाटकीत ट्रक आडवा झाला तर सकाळची ओपीडी गेली म्हणून समजा. दोघांचं जाणंयेणं, चहा-जेवण धरून सात-आठशे रुपये आणि शिलाईचा एक दिवस बुडतो, तो वेगळा. ज्यांचं उत्पन्न फारच कमी आहे त्यांनी संजय गांधी निराधार योजनेचं सेंटरमध्ये विचारावं, एचआयव्हीसोबत जगणारे त्यात बसतात. अर्ज तहसीलला करायचा.

बाकावर माझ्या शेजारी एक वयस्कर काका होते, सेकंड लाइनवर बरीच वर्षं. ते म्हणाले, 'पोरी, तू नशीबवान. सरकारात सेकंड लाइन २००८ ला आली, तीही आधी फक्त जे. जे. ला आणि तिकडे चेन्नईजवळ तांबरमला. त्याआधी फेल गेला की गेला.' त्यांनी डब्यातली चटणी-भाकरी पुढे केली. मला तज्ज्ञांपेक्षा त्यांच्याकडे बघून जास्त धीर आला.

पॅनेलपुढचं बोलणं दहा मिनिटांचं. कागद पाहिले, डिस्चार्जच्या कागदाचा फोटो पाहिला, मिस्टरांचा लोड विचारला. टेनोफोव्हिर आणि इफाव्हिरेन्झ जाणार. त्यांच्या जागी झिडोव्हुडिन-लॅमिव्हुडिनची जोडगोळी दिवसातून दोनदा आणि अ‍ॅटाझानाव्हिर-रिटोनाव्हिर एकदा.

मी पॅनेलमधल्या डॉक्टर मॅडमना विचारलं, 'मॅडम, लॅमिव्हुडिन तर आधीपासून होतं ना? फेल गेलेलंच परत?' त्या हसल्या आणि म्हणाल्या, 'चांगलं विचारलंत.' लॅमिव्हुडिनला चकवायला विषाणू जो बदल करतो त्याने तो स्वतःच थोडा अधू होतो, त्याची वाढ मंदावते, आणि झिडोव्हुडिनपुढे जास्त दुबळा पडतो. म्हणून लॅमिव्हुडिन चालू ठेवून विषाणूला त्याच अधू रूपात अडकवून ठेवायचं. मला हे इतकं आवडलं की बाहेर येऊन मी मिस्टरांना दोनदा सांगितलं.

मग जीनोटाइपचं. कुठले बदल झालेत हे दाखवणारी तपासणी असते, पण पहिली लाइन फेल गेल्यावर सरकारी कार्यक्रमात ती सरसकट करत नाहीत. तिच्याशिवायही पुढची लाइन ठरते. 'तुमच्यासाठी गरज नाही,' असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तरी मी खासगी लॅबमध्ये केली. साडेबारा हजार गेले, दिवाळीच्या शिलाईचे. केली ती उपचारासाठी नव्हे, मला जाणून घ्यायचं होतं म्हणून. तुम्ही पैसे उसने काढून करू नका. करायचीच असेल तर जुनी गोळी चालू असतानाच रक्त द्या. औषध थांबवलं की मूळचा, न बदललेला विषाणू भराभर वाढतो आणि बदललेला त्याच्याखाली झाकला जातो, मग रिपोर्ट फसवा येतो. हेच ते दुसरं कारण.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. दोन ओळी महत्त्वाच्या. के१०३एन : रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजच्या १०३ व्या जागी लायसिन या अमायनो आम्लाऐवजी (प्रथिनाच्या साखळीतला एक मणी) अ‍ॅस्पॅराजिन. याने इफाव्हिरेन्झ आणि नेव्हिरॅपिन दोन्ही गेली. एम१८४व्ही : १८४ व्या जागी मेथिओनिनऐवजी व्हॅलिन. हा लॅमिव्हुडिनचा, तोच विषाणूला अधू करणारा. टेनोफोव्हिरला चकवणारा के६५आर नव्हता. के१०३एन नेव्हिरॅपिनच्या त्या एका गोळीचा की टीएलई घेतानाचा, हे रिपोर्ट सांगत नाही. कुणीच सांगू शकत नाही. काउन्सेलर मॅडमना मी तो दाखवला. त्यांनी वाचला आणि 'ताई, चहा घेणार?' म्हणाल्या. मला तेवढं पुरलं.

नवी औषधं २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. अ‍ॅटाझानाव्हिर प्रोटिएजला अडवतं. रिटोनाव्हिरही मूळचं त्याच जातीचं, पण इथे अगदी थोडं असतं आणि त्याचं काम वेगळं : आपल्या यकृतातलं जे एन्झाइम अ‍ॅटाझानाव्हिर मोडून टाकतं, त्यालाच ते दाबतं, म्हणून अ‍ॅटाझानाव्हिर दिवसभर टिकतं. याचा दुसरा अर्थ असा की याच एन्झाइमने मोडणारी इतर पुष्कळ औषधंही अडून साठतात. गल्लीतल्या डॉक्टरांकडे साध्या सर्दीला गेलात तरी चालू औषधांची यादी दाखवा. आजाराचं नाव सांगायची लाज वाटते हे मला समजतं. मग आधी सेंटरला फोन करून विचारा.

अ‍ॅटाझानाव्हिर जेवणाबरोबरच घ्यायचं, आणि त्याला विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. आपल्याकडे प्रत्येक चिठ्ठीवर अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल असतेच. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या जातीची कॅप्सूल आम्ल बंद करते आणि अ‍ॅटाझानाव्हिर नीट शोषलंच जात नाही. मला मार्चमध्ये दातदुखीच्या गोळ्यांबरोबर ती दिली होती. मी काउंटरवरूनच परत केली. मेडिकलवाला बघतच राहिला.

झिडोव्हुडिनने रक्त कमी होऊ शकतं. सुरुवातीला माझं हिमोग्लोबिन १०.८ होतं, पंधरा दिवसांनी ९.७. हे पंधरा दिवसांचं रक्त चुकवू नका, बरं वाटत असलं तरी. पहिले दोन आठवडे मळमळ, जिना चढताना धाप. मग ते थांबलं आणि मे महिन्यात हिमोग्लोबिन पुन्हा दहाच्या वर आलं. नखं काळपट झाली, ती तशीच आहेत. कापड धरताना गिऱ्हाइकांच्या लक्षात येतं. मी 'रंगाची अ‍ॅलर्जी' सांगते.

डोळ्यांचं मात्र सांगायलाच हवं. एप्रिलमध्ये डोळे पिवळे झाले. शेजारच्या काकूंनी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता आणून दिला, सासूबाईंनी तेल-हळद बंद केलं. मी घाबरून सेंटर गाठलं. बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) ३.८, पण यकृताचे बाकीचे आकडे ठीक. अ‍ॅटाझानाव्हिर यकृतातलं आणखी एक एन्झाइम अडवतं, बिलिरुबिन बाहेर टाकायला तयार करणारं. म्हणून ते रक्तात साठतं. यकृत बिघडलेलं नसतं आणि गोळी थांबवायची नसते. पण हे घरी बसून ठरवू नका. खरी कावीळही होऊ शकते. तपासून घ्या, मगच निश्चिंत व्हा.

पहिले सहा महिने औषध पुण्यालाच घ्यायचं होतं, दर महिन्याला. या काळात निरोध वापरायलाच हवा होता. माझा बदललेला विषाणू मिस्टरांकडे गेला तर त्यांची चांगली चाललेली लाइन बिघडली असती. हे डॉक्टरांनी दोघांना एकत्र बसवून सांगितलं, ते बरं झालं. एकटीने घरी सांगणं सोपं नसतं. आणि एक सांगून ठेवते : एचआयव्हीचा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर तुमच्या परवानगीशिवाय तुमची स्थिती कुणी उघड करू शकत नाही. कुठे अडलात तर १०९७ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

ऑगस्टमध्ये सहा महिने झाले म्हणून लोड केला. रिपोर्ट फोनवर सांगत नाहीत, जावं लागलं. 'टार्गेट नॉट डिटेक्टेड.' सीडी४ ३६४. मिस्टरांनी स्वारगेटला उसाचा रस पाजला. त्यानंतर औषध आमच्या सेंटरला ट्रान्सफर झालं. लॉकडाउनमध्ये तिथूनच एकदम जास्त महिन्यांचं मिळालं, त्यामुळे खंड पडला नाही.

२०२१ मध्ये मिस्टरांची टीएलई बदलून टीएलडी झाली. इफाव्हिरेन्झ गेलं, डोल्युटेग्राव्हिर आलं. हे इंटिग्रेजवर चालतं : एन्झाइमच्या कामाच्या जागी मॅग्नेशियमचे दोन कण असतात, त्यांनाच धरून बसतं. त्याला चकवणं विषाणूला बरंच अवघड जातं. मिस्टरांची स्वप्नं बंद झाली आणि वजन चार किलो वाढलं. त्यांना कॅल्शियमची गोळी चालू होती, ती उपाशीपोटी डोल्युटेग्राव्हिरबरोबर घेतली तर औषध कमी शोषलं जातं. एक तर दोन्ही जेवणाबरोबर घ्या, नाहीतर डोल्युटेग्राव्हिर कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. लोहाच्या गोळीलाही हेच. अँटासिडला मात्र जेवणाची सवलत नाही, तिथे अंतरच ठेवायचं. टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू झालं तर डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा द्यावं लागतं, आणि मधुमेहाचं मेटफॉर्मिन चालू असेल तर त्याचा डोस तपासून घ्यावा लागतो. हे सेंटरला आठवण करून द्यायला लाजू नका.

मी विचारलं, मलाही तेच देणार का. डॉक्टर म्हणाले, लोड खाली आहे तोवर घाई नाही, बदलायची वेळ आली तर पुन्हा पॅनेलला विचारू. जीनोटाइपच्या रिपोर्टची आणि माहेरच्या त्या कागदाची झेरॉक्स मात्र त्यांनी माझ्या फाइलला लावून घेतली.